बारा रुपये

आमच्या दुकानात त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. बिल फाडताना नाव विचारायची पद्धत आहे, पण त्यासाठी आधी बिल फाडायची वेळ यावी लागते. म्हणून आपसात वापरण्यापुरतं आम्हीच त्यांना एक नाव ठेवलं : बारारुपये. आता ते तोंडात इतकं बसलंय, की पिढीजात आडनाव वाटावं. ‘बारारुपये आले का रे?’, ‘बारारुपये चरित्रांच्या रॅकपाशी आहेत’, ‘बारारुपये गेले, आता पंखा लाव.’

नावामागची कथा अशी. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. बारारुपयांनी ती १९६९ साली बारा रुपयांना घेतली. निदान ते तसं सांगतात, आणि दर खेपेला सांगतात. जगातल्या कुठल्याही पुस्तकाची वाजवी किंमत बारा रुपये असते, हे त्यांच्यापुरतं तेव्हाच कायमचं ठरून गेलं. पुढे त्यांनी ते चलन म्हणूनच वापरायला सुरुवात केली. पुस्तक हातात घेतात, पहिल्यांदा पालथं करतात, किंमत बघतात, ओठ हलवून मनातल्या मनात भागाकार करतात आणि दुकानभर ऐकू जाईल असा निकाल देतात. पुस्तक चारशेऐंशीचं असेल तर ‘चाळीस मृत्युंजय!’ सहाशेचं असेल तर ‘पन्नास! दरोडा आहे, दरोडा!’ नव्वद रुपयांची पोथी असेल तर ‘साडेसात मृत्युंजय. देवाच्या नावावर तरी सोडा!’ खुद्द मृत्युंजय आजच्या भावाने किती मृत्युंजयला पडते, हा हिशेब त्यांनी एकदाच केला. त्या दिवशी आम्हाला त्यांना स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं.

दुकान अप्पा बळवंत चौकात. नू.म.वि.ची घंटा आत ऐकू येते आणि बाजीराव रस्त्यावरचे हॉर्न त्याहून आत येतात. मी या काउंटरमागे बावीस वर्षं उभा आहे. इतक्या वर्षांत पायाच्या शिरा जशा फुगल्या, तशी गिऱ्हाइकांची पारखही वाढली. पुस्तकाच्या दुकानात माणसं हळू बोलत असतील, नम्र असतील, ‘कृपया’ म्हणत असतील, अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावणारं गिऱ्हाईक निदान शेवटी ‘दमलात हो’ म्हणतं. पुस्तकाच्या दुकानात तेवढंही नाही. कारण इथे येणाऱ्याला वाटत असतं, की आपण विद्येच्या बाजूचे आणि काउंटरमागचा हा धंद्याच्या बाजूचा.

तसे हंगामी उद्धट पुष्कळ असतात. जूनमधला पालक येतो तो शाळेची यादी नाचवत. ‘अख्खा सेट द्या’ म्हणतो, आणि सेटमधलं एखादं पुस्तक आलेलं नसलं, की ते आपणच लिहायचं ठेवून झोपलो होतो अशा नजरेने बघतो. पण त्याचं मनावर घ्यायचं नसतं. त्याच्या एका कानाला फोनवर बायको असते आणि एक डोळा विषम तारखेला समच्या बाजूला लावलेल्या गाडीवर असतो. दिवाळीत अंक घ्यायला येणारे ‘सोबत फ्री काय?’ असं विचारतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा वाचकांनी सोबत उटणं मागितलं होतं का, असं विचारावंसं वाटतं, आपण विचारत नाही. मग ते ‘भेट द्यायला दोनशेपर्यंतचं काहीतरी द्या’वाले. कुणासाठी? ‘मुलगी आहे नववीतली.’ काय वाचते? ‘छे, वाचत कसली!’ आणि मग आपण काढून दिलेली सात पुस्तकं ‘हे नाही हो आवडायचं तिला’ म्हणून बाजूला सारतात. न वाचणाऱ्या मुलीची आवड त्यांना नेमकी माहीत असते.

पण हे सगळे आपापल्या मोसमात येणारे. बारारुपये बारमाही.

ते येतात साधारण दुपारी दोनला. दुकान दुपारी एक ते चार उघडं असतं, हेच मुळात त्यांना संशयास्पद वाटतं. ‘धंदा नाही वाटतं!’ ही त्यांची दारातली सलामी. डोक्यावर हेल्मेट. बारारुपये स्कूटर चालवतात तेव्हा हेल्मेट आरशाला लटकत असतं. स्कूटर लावली, की ‘चोरीला जायला नको’ म्हणून ते हेल्मेट डोक्यावर चढवतात आणि दुकानात येतात. वर सरकवलेली काच, तिच्याखाली चष्मा, चष्म्याखाली मिशी, अशा तीन मजल्यांमधून ते आमच्याशी बोलतात. हेल्मेटमुळे त्यांना स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो की काय कोण जाणे, पण तो आम्हाला मात्र जास्त ऐकू येतो.

‘ए, ते वरचं काढ.’

हा ‘ए’ म्हणजे मी. माझे कानशिलाकडचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, मुलगा इंजिनीअर झाला, पण बारारुपयांच्या लेखी मी घोड्यावर चढून पुस्तकं काढणारा पोऱ्याच आहे. वरचं म्हणजे कुठलं, हे ते सांगत नाहीत. बोटही दाखवत नाहीत, हनुवटी उचलतात. आणि हेल्मेटमध्ये हनुवटी उचलली की सगळं डोकंच छताकडे जातं. मी अंदाजाने एक काढतो. ‘ते नाही रे, शेजारचं.’ शेजारचं काढतो. ‘दुसऱ्या शेजारचं!’ चौथ्या पुस्तकाला मी धुळीने शिंकतो, आणि ते म्हणतात, ‘पुस्तकं झटकत नाही का रे तुम्ही? आमच्या वेळी दुकानदार पुस्तकाला मुलासारखं जपायचे.’

काउंटरला आमच्या ताई असतात. ताई मराठी घेऊन एम.ए. झाल्या आहेत आणि इथे येण्याआधी चार वर्षं एका वाचनालयात होत्या. कुठलं पुस्तक कुणाचं, कुणी कशावर टोपणनावाने लिहिलं, कुठल्या आवृत्तीत प्रस्तावना गाळली, हे त्यांना तोंडपाठ. दुकानात काही अडलं, की मालकसुद्धा त्यांच्याकडे बघतात. त्यांच्याशी बारारुपयांचा पहिला संवाद मी घोड्यावर उभा राहून ऐकला आहे.

‘बाई, दुकानात कुणी माणूस आहे का?’

ताईंनी इकडेतिकडे बघितलं. ‘मी आहे की, काका.’

‘तसं नव्हे. कुणीतरी जाणकार.’

ताईंनी शांतपणे मला हाक मारली. मी खाली उतरलो. बारारुपये माझ्याकडे वळले. ‘देशपांड्यांचं पुस्तक हवंय.’

मी ताईंकडे वळलो. ‘देशपांड्यांचं हवंय.’

‘कुठल्या?’ ताईंनी मला विचारलं. ‘पु. ल., पु. य., ना. घ., सुनीताबाई, गौरीबाई, कुसुमावती, निर्मलाबाई?’

‘कुठल्या देशपांड्यांचं, विचारतायत.’

‘कवी.’

‘कवी म्हणतायत.’

‘मग ना. घ. की अनिल?’

‘ना. घ. की अनिल?’

‘हा अनिल कोण मध्येच?’ बारारुपये उसळले. ‘मी देशपांडे म्हणालो ना!’

‘अनिल म्हणजे देशपांडेच, काका,’ ताई पहिल्यांदा थेट बोलल्या. ‘आत्माराम रावजी देशपांडे.’

बारारुपयांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे हेल्मेट हललं. ‘बघ, काय काय माणसं ठेवता तुम्ही कामाला! अनिल म्हणे देशपांडे. उद्या म्हणतील, केशवसुत दामले होते.’

‘दामलेच होते,’ ताई बिलबुकात बघत म्हणाल्या.

ना. घं.चं पुस्तक निघालं. बारारुपयांनी ते पालथं केलं, भागाकार केला, सुलटं केलं, दोन पानं वाचली. ओठ तसेच हलत होते, पण या वेळी ते गणित नसावं. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘ठेव जागेवर. आहे ना, एवढंच बघायचं होतं. हल्ली कुणी ठेवत नाही.’ आणि गेले. जाताना ताईंना उद्देशून, पण माझ्याकडे बघून : ‘त्यांना जरा वाचायला सांग काहीतरी.’

त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलेलं आहे. कशासाठी, ते मला किमतीच्या चिठ्ठीच्या वेळी कळलं. पुस्तकाची किंमत वाढली की प्रकाशकाकडून नव्या किमतीच्या चिठ्ठ्या येतात, त्या छापील किमतीवर मी चिकटवतो. कागद महागतो, छपाई महागते, जुना गठ्ठा गोदामात पडून राहतो, त्याचंही भाडं असतं. प्रकाशक जे कमिशन देतो त्यात आमचं भाडं, वीज, पगार, वाळवीचं औषध असं सगळं बसवायचं, आणि त्यातूनच गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट काढायची. हे मालकांनी बारारुपयांना एकदा कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, ‘म्हणजे अजून दहा टक्के बसतात ना?’ छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद आहे. नसलेल्या कराचीही ते सूट मागतील.

तर ती चिठ्ठी. बारारुपये करंगळीचं नख चिठ्ठीच्या कोपऱ्याखाली घालतात आणि श्वास रोखून ती अशी अलगद सोडवतात, की इनामगावला खापरं काढणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनीही मान डोलवावी. एका पुस्तकावर दोनशेऐंशीखाली दोनशेवीस निघाले. नख आणखी खोल गेलं. दोनशेवीसखाली छापील एकशेसाठ!

‘सापडले!’ बारारुपये ओरडले. गणपतीची वर्गणी घ्यायला आलेली पोरंसुद्धा दचकली. ‘एकशेसाठ! आता बोला!’

मालक गल्ल्यावरून उठले नाहीत. ‘काका, एकशेसाठ होती तेव्हा घ्यायचं ना.’

‘तेव्हा बघितलं होतं मी. तेव्हाही महागच होतं.’

आता तुम्ही विचाराल, मग हे दुकानात येऊन करतात काय? वाचतात. मन लावून, उभ्याने, हेल्मेट घालून वाचतात. एका जाड चरित्राची दोनशे चौदा पानं त्यांनी नऊ दुपारींत वाचली. जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून ती खूण म्हणून आत ठेवत आणि पुस्तक रॅकमध्ये मागच्या ओळीत, पालथं करून लपवून जात. एका शनिवारी गर्दीत एका बाईंना नेमकं तेच पुस्तक सापडलं. सोमवारी दुपारी बारारुपये रॅकपाशी गेले आणि पाच मिनिटांनी काउंटरवर आले.

‘माझं पुस्तक कुणाला विकलं?’

‘तुमचं?’ मी विचारलं.

‘दोनशे चौदा पान! खूण होती आत! दुकान आहे की धर्मशाळा? कुणीही यावं आणि काहीही घेऊन जावं!’

पुस्तकाच्या दुकानातून लोक पुस्तकं विकत नेतात म्हणून एवढा संतापलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मालकांनी त्यांची समजूत घालून नवीन प्रत मागवली. ती चार दिवसांनी आली, म्हणजे ती नव्या आवृत्तीतली आली. बारारुपयांनी दोनशे चौदा पान उघडून वाचायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने पुन्हा काउंटरवर. नव्या आवृत्तीत पानं सरकली होती. दोनशे चौदावरचा मजकूर दोनशे बावीसवर गेला होता. ‘म्हणजे आठ पानं मी दुसऱ्यांदा वाचली! माझा वेळ काय फुकट आहे?’ त्या आठ पानांची भरपाई त्यांनी मागितली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मध्यंतरी त्यांच्या नातवाने त्यांना मोबाईलवरून पुस्तकं मागवायला शिकवलं, आणि आमच्याकडे दोन महिने शांतता झाली. पहिले आठ दिवस बरं वाटलं. मग मालक दुपारी दोनला दाराकडे बघायला लागले. तिसऱ्या महिन्यात हेल्मेट दारात उगवलं. काउंटरवर एक पुस्तक आपटलं गेलं.

‘हे बदलून द्या.’

ताईंनी पुस्तक उघडलं. कागद टिशूसारखा, शाई फिकी, मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो भुतासारखा. शहाण्णव पानानंतर थेट एकशे तेरा. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापून, घड्या घालून शिवतात. नक्कल करणाऱ्याने सातवा फॉर्म गाळला, की कथानायकाच्या लग्नाची बोलणी चालू असतात आणि पान उलटल्यावर त्याला दोन मुलं झालेली असतात.

‘काका, हे आमच्याकडचं नाही. ही चोरून छापलेली प्रत आहे.’

‘मला माहीत आहे तुमच्याकडचं नाही. तुमच्याकडे अर्धवट का होईना, स्वस्त कुठे मिळतं? पण पुस्तक तर हेच आहे ना? मग बदलून द्यायला काय होतं?’

आता या तर्काला काय उत्तर देणार? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी रॅकमधून खरी प्रत काढली, सत्त्याण्णव पान उघडलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. बारारुपये खांबाला टेकून सोळा पानं वाचत उभे राहिले. एकशे बारा संपलं तसं त्यांनी पुस्तक मिटलं, काउंटरवर ठेवलं. ‘उजेड कमी आहे इथे,’ म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दुपारी दोन.

मालक त्यांना चालवून का घेतात, हे मला कळायला दुसरीच माणसं यावी लागली. एका रविवारी इस्त्रीतलं एक जोडपं आलं. आल्या आल्या दोघांनी डोळे मिटून पुस्तकांचा वास घेतला. ‘किती छान!’ अतिशय गोड बोलणं. मला दादा म्हणाले, ताईंना मॅडम म्हणाले. एकेक पुस्तक हळुवार काढून घेतलं, त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो काढला, मागची किंमत फोनवरच्या किमतीशी ताडून बघितली, पुन्हा जागच्या जागी ठेवलं. मग शिडीपाशी उभं राहून एकमेकांचा फोटो काढला. निघताना ती मुलगी मनापासून म्हणाली, ‘दादा, किती छान जपलंय हो तुम्ही हे सगळं!’

ती दोघं गेल्यावर मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘जपलंय म्हणजे? म्युझियम आहे का हे?’ ती दोघं परत आली नाहीत. तशी माणसं परत येत नाहीत. त्यांची काही तक्रारच नसते. भांडायला माणसाला परत यावं लागतं. बारारुपये बावीस वर्षं परत येताहेत. ‘आपल्या दुकानाला शिव्या घालणारं गिऱ्हाईक आहे ना, तोवर दुकान आहे,’ असं मालक म्हणाले, आणि गल्ल्यातली चिल्लर उगीचच पुन्हा मोजली.

शिवाय बारारुपयांचा उद्धटपणा आमच्यापुरता राखीव नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ सिनेमा आला आणि आमच्याकडे कादंबरीला रांग लागली. एक तरुण आला. ‘त्या सिनेमावरून लिहिलेलं पुस्तक द्या.’ मी निमूट प्रत काढायला वळलो. बावीस वर्षांत मी एवढं शिकलोय. पण रॅकपाशी हेल्मेट गर्रकन फिरलं.

‘सिनेमावरून? सिनेमावरून?? अरे, सिनेमा पुस्तकावरून आहे! एकोणऐंशी सालचं पुस्तक आहे ते! सावंतांचं! तुझ्या वडिलांची मुंज व्हायची होती तेव्हा!’

तरुण हबकला. रांगेतले बाकीचेही ऐकायला लागले. बारारुपयांनी त्यांना ‘छावा’वरून ‘मृत्युंजय’वर आणलं, ‘मृत्युंजय’वरून १९६९वर आणि तिथून अर्थातच बारा रुपयांवर. सगळ्यांना अज्ञानी, आळशी, मोबाईलवेडे असं एकेकाच्या तोंडावर सांगितलं. शेवटी आमच्याकडे वळून, ‘आणि हे तुम्ही सांगायला नको का त्यांना? पगार कसला घेता?’ त्या दुपारी रांगेतल्या पाच जणांनी ‘छावा’ नेली आणि तिघांनी बरोबर ‘मृत्युंजय’ही. ओरडा खाऊन पुस्तक घेण्याची मराठी माणसाला शाळेपासूनची सवय आहे, ती आम्ही विनाकारण सोडली.

आणि मग गेल्या पावसाळ्यातला तो मंगळवार. बाहेर धो धो, चौकात पाणी, दुकानात कुणी नाही. दोन वाजता बारारुपये आले, आणि हेल्मेट डोक्यावर नव्हतं, हातात होतं. बावीस वर्षांत मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं. हेल्मेटमध्ये काहीतरी होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर आणखी एक पिशवी. पावसात ते डोक्याऐवजी त्याला हेल्मेट घालून आले होते.

ते माझ्यावरून पुढे गेले आणि थेट ताईंसमोर उभे राहिले. पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक निघालं. ‘पानं सुटलीत. नात वाचायला मागतेय. बाइंडिंग करून मिळेल?’

आम्ही तिघंही पुढे सरकलो. हीच ती. बारा रुपयांची. ज्या पुस्तकाच्या मापाने आमचं अख्खं दुकान मोजलं गेलं, ते आज पहिल्यांदा काउंटरवर आलं होतं. ताईंनी हळूच खाकी कव्हर काढलं. सुरुवातीची दोन-तीन पानं नव्हती. ‘उंदरांनी नेली,’ बारारुपये घाईने म्हणाले. ताईंनी मान डोलवली आणि सवयीने आतलं एक पान उघडलं. वाचनालयं पहिल्या पानावर शिक्का मारतात हे सगळ्यांना माहीत असतं. आत एका ठरलेल्या पानावर दुसरा शिक्का मारतात, हे तिथे काम केलेल्यालाच माहीत. एक्कावन्नाव्या पानावर जांभळा, अंडाकृती, कडा विरलेला शिक्का होता. गावाचं नाव पुसलेलं. ‘सार्वजनिक वाचनालय’ एवढं वाचता येत होतं. पुढे पानांच्या बेचक्यात खूण म्हणून ठेवलेला पिवळा कागद होता, तो अलगद काउंटरवर पडला. पावती. तारीख १९६९ची. ‘अनामत रक्कम रु. १२ फक्त.’

दुकानात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बारारुपये त्या पंख्याकडेच बघत होते.

‘वडिलांची बदली झाली,’ ते पंख्याला म्हणाले. ‘सकाळच्या एसटीने निघायचं होतं. शेवटची साठ पानं राहिली होती. कशी परत करणार?’

मी काहीतरी बोलणार होतो. बावीस वर्षांचे ‘ए’ एकदम ओठांवर आले होते. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी घोडा सरळ करायला गेलो. त्यांनी ती पावती होती त्याच पानात परत ठेवली.

‘पुस्तक परत केलं नाही की अनामत जप्त होते,’ ताई म्हणाल्या. ‘म्हणजे बरोबर आहे, काका. तुम्हाला बारा रुपयांनाच पडली.’

बारारुपयांनी पंख्यावरून नजर काढली. ताईंकडे बघितलं. हळूहळू मिशीखाली जुना आवाज भरत गेला. ‘मग? मी काय इतकी वर्षं खोटं सांगत होतो?’ आणि लगेच, ‘बाइंडिंगचे किती?’

‘एकशेऐंशी. कापडी पाठ, पुठ्ठा, शिलाई नवी. पुढच्या मंगळवारी मिळेल.’

ओठ हलले. ‘पंधरा मृत्युंजय! पुस्तकाच्या पंधरापट शिवणावळ! सोनं लावणार आहात का?’

ताईंनी उत्तर दिलं नाही. पावतीपुस्तक ओढलं, तारीख घातली, ‘बाइंडिंग, नग १’ लिहिलं, आणि वरच्या नावाच्या ओळीत, हाताला जी सवय झाली होती ती हाताने केली. पावती फाडून पुढे सरकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर बारारुपयांनी चष्मा पुसून ती डोळ्यांजवळ धरली होती. नावाच्या जागी ताईंच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं : बारारुपये.

मी डोळे मिटून घेतले. काहीच आवाज आला नाही म्हणून उघडले. बारारुपयांचा चेहरा फुलला होता.

‘बारा रुपये!’ ते म्हणाले. ‘बघा! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या दुकानात वाजवी किंमत लावलीत!’

त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, काउंटरवर ठेवून तळहाताने सपाट केली, तिच्यावर दोनचं नाणं ठेवलं, पावती घडी घालून वरच्या खिशात जपून ठेवली, हेल्मेट डोक्यावर चढवलं. दारापाशी थांबले. ‘बाइंडरला नीट समजावून सांगा. तुम्हीच सांगा, बाई. या पोऱ्याला काही कळत नाही.’ आणि पावसात उतरले. स्कूटरवर बसताना हेल्मेट काढून आरशाला लावलं.

मालकांनी नोट उचलली, नाणं उचललं, गल्ल्यात टाकलं. मग छताकडे बघत थोडा वेळ ओठ हलवले.

‘चौदा मृत्युंजय गेले आपले,’ ते म्हणाले.